टेस्टर दोन्हीकडे पेटतो तेव्हा

लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यातल्या कुठल्याही गावात एक तरी माणूस असा सापडतो, ज्याच्या शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर अडकवलेला असतो. तो वायरमन असेलच असं नाही. कधी तो पिठाच्या गिरणीवाला असतो, कधी आयटीआय करून घरी बसलेला पोरगा, कधी नुसताच हौशी. घरातली लाईट गेली की त्याला हाक जाते. तो येतो, स्टुलावर चढतो, होल्डरच्या एका टोकाला टेस्टर लावतो. पेटतो. दुसऱ्या टोकाला लावतो. तिथंही पेटतो. खाली उभे असलेले विचारतात, दोन्हीकडं लाईट हाय, मग बल्ब का लागंना? स्टुलावरचा म्हणतो, "न्यूट्रल गेलीय," आणि उतरून खांबाकडे चालू लागतो.

त्या दोन शब्दांत परिपथाचा अर्धा धडा आहे. विजेला नुसतं येऊन भागत नाही, परतही जावं लागतं. डीपीवरून फेजची तार घरात आली, बल्बच्या बारीक तारेतून पलीकडे गेली आणि न्यूट्रलच्या तारेनं पुन्हा डीपीवर पोचली, तर वर्तुळ पुरं झालं. न्यूट्रल कुठे निसटली असेल तर बल्बच्या अलीकडेही फेज आणि पलीकडेही फेज. दोन्ही बाजूंना दाब सारखा, म्हणून मधून काहीच वाहत नाही. टेस्टर मात्र दोन्हीकडे पेटतो, कारण त्याचं वर्तुळ निराळं आहे. ते टेस्टर धरणाऱ्या माणसाच्या अंगातून जमिनीत उतरतं.

हे ऐकून काही जण टेस्टर खाली ठेवतील. पण त्या प्लॅस्टिकच्या नळीत छोट्या निऑन दिव्याच्या मागे एक चिमुकला रोधक बसवलेला असतो, साधारण दहा लाख ओहमचा. २३० व्होल्टच्या दाबाला दहा लाखांनी भागलं की जे उरतं ते एका अँपिअरच्या हजाराव्या भागाचाही पाव हिस्सा असतं. तेवढा प्रवाह अंगातून जातो आणि अंगाला कळतसुद्धा नाही. म्हणजे रोज कित्येक हात ज्या भरवशावर उघड्या तारेला टेस्टर लावतात, तो भरवसा रोधाचा आहे. तो रोधक बिघडलेला दहा रुपयांचा टेस्टर ही मात्र खरोखर घाबरण्याची गोष्ट आहे.

पुढच्या पानांत परिपथ आणि रोध यांची मूळतत्त्वं मांडली आहेत. या विषयावरची पाठ्यपुस्तकं मराठीत आहेत आणि वाईट नाहीत. अडचण भाषेची आहे, तीही वेगळ्या प्रकारची. नववी-दहावीचं पुस्तक विभवांतर, विद्युतधारा, रोधकता, एकसर जोडणी म्हणतं. त्याच मुलाचा बाप घरी व्होल्टेज, करंट, लोड आणि सिरीज म्हणतो. गावात विजेला वीज कुणी म्हणत नाही. ती लाईट असते, म्हणून भर दुपारी विहिरीवरची मोटार बंद पडली तरी "लाईट गेली" असंच म्हणतात. १९६० साली स्थापन झालेल्या वीज मंडळाची २००५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांत विभागणी झाली, तरी म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून "बोर्डाचा माणूस"च आहे. मुलाला परीक्षेत ओहमच्या नियमाचे गुण मिळतात आणि बापाची मोटार जळते. दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे दोघांपैकी कुणालाच कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून या प्रस्तावनेत मुद्दाम डीपी, मोटार, शेगडी आणि बोअर यांच्याच वाटेनं जायचं ठरवलं आहे. व्याख्या पुढे आहेतच.

दाब, वाहणं आणि अडवणूक या तिघांचं नातं ज्याच्या नावानं ओळखलं जातं, तो गेऑर्ग सायमन ओहम १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेन गावी जन्मला. बाप कुलपं बनवणारा कारागीर, पण स्वतःच्या जिवावर गणित शिकलेला. ओहम कोलोन इथल्या शाळेत शिकवायचा आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचा. त्या काळची बॅटरी म्हणजे व्होल्टाच्या चकत्यांची चळत, आणि तिचा दाब चालता चालता घसरायचा. मापच हलतं असेल तर नियम कसा सापडणार? मग त्यानं बिस्मथ आणि तांबं यांचे सांधे जोडले, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. दोन्हीकडचं तापमान हलत नाही, म्हणून त्यातून मिळणारा विजेचा दाबही हलत नाही. मग तांब्याच्या तारेचे आठ तुकडे घेतले, सगळ्यांत आखूड दोन इंचांचा आणि सगळ्यांत लांब १३० इंचांचा. तार जितकी लांब तितका प्रवाह कमी, हे त्यानं आकड्यांनी दाखवलं. १८२७ साली बर्लिनहून पुस्तक निघालं आणि जर्मन पंडितांनी त्याला नाक मुरडलं. मानाचं कोप्ली पदक १८४१ मध्ये मिळालं, तेही लंडनहून. १८८१ च्या पॅरिस परिषदेत त्याचं नाव रोधाच्या एककाला लागलं, तेव्हा त्याला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती.

त्याच्याही आधी हेन्री कॅव्हेंडिश नावाच्या एका श्रीमंत आणि पराकोटीच्या मितभाषी इंग्रजानं जवळपास हेच शोधून वहीत लिहून ठेवलं होतं. प्रवाह मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतंच. कॅव्हेंडिशनं काचेच्या नळ्यांत मिठाचं पाणी भरलं, त्यातून स्वतःला झटके देऊन घेतले आणि कोणता झटका किती जोराचा, हे अंगावरून ठरवलं. यंत्राच्या जागी तो स्वतःच बसला. वह्या तशाच पडून राहिल्या. १८७९ मध्ये मॅक्सवेलनं त्या छापल्या, आणि छापण्याआधी स्वतः तसे झटके घेऊनही पाहिले. गावातले जुने वायरमन उलट्या हातानं तार चाचपतात तेव्हा ते कॅव्हेंडिशच्याच पंथातले असतात. फरक एवढाच की कॅव्हेंडिशच्या हाताखाली तीन फेजची लाईन नव्हती.

आता डीपीकडे.

रोहित्र हा शब्द कागदावरचा. शेतकऱ्याच्या तोंडी डीपी. तिथून शेताकडे जाणाऱ्या तारा ॲल्युमिनिअमच्या असतात आणि मधोमध ताण सोसायला पोलादाची तार असते. या तारांची नावं ऐकण्यासारखी आहेत. जाडीप्रमाणे त्यांना जनावरांची नावं दिली आहेत: खार, विझल, ससा, कुत्रा, बिबळ्या, झेब्रा. अर्थात ती इंग्रजीतच चालतात. लाईनमन "रॅबिट ओढायचीय" म्हणतो तेव्हा तो सशाबद्दल बोलत नसतो. खारीची तार यांत सगळ्यांत बारीक आणि तिचा रोध जास्त. बिबळ्या जाड, त्याचा रोध कमी. तार दुप्पट लांब केली की रोध दुप्पट, आणि छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट केलं की निम्मा. पाठ्यपुस्तकातली रोधकतेची सगळी मांडणी या प्राणिसंग्रहालयात बसते.

डीपीपासून ६०० मीटरवर, विझलच्या तारेवर आठ शेतकऱ्यांच्या पाच-पाच एचपीच्या मोटारी आहेत असं धरून चालू. विझलचा रोध किलोमीटरला साधारण ०.९ ओहम, म्हणजे ६०० मीटरला ०.५४. पाच एचपीची मोटार पुऱ्या भारावर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, आठ मोटारींचे झाले साठ. साठ गुणिले ०.५४ म्हणजे ३२ व्होल्ट. डीपीवर फेजला २४० व्होल्ट असतील तर शेवटच्या खांबावर २०८ उरतात. ज्यांनी शेतात ठिबक टाकलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. लॅटरलच्या पहिल्या तोटीतून थेंब टपटप पडतात आणि शेवटच्या तोटीला वाट पाहावी लागते, तेच इथं. (पाण्याच्या उपमेला एक मर्यादा आहे, तीही इथंच सांगितलेली बरी. पाइप फुटला तर पाणी बाहेर येतं. तार तुटली तर वीज बाहेर सांडत नाही, ती थांबते. तुटलेलं टोक ओल्या जमिनीला किंवा माणसाला टेकलं, तरच पुन्हा वाहायला लागते.)

एवढ्यात आणखी चार मोटारी जोडल्या जातात, काही रीतसर, काही आकडा टाकून. नव्वद अँपिअर. आता तारेत ४९ व्होल्ट गेले आणि शेवटच्याला १९१ मिळाले. पण खरा हिशेब उष्णतेचा आहे, आणि तो सरळ चढत नाही. जेम्स जूलनं १८४०-४१ मध्ये दाखवून दिलं की तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. आठ मोटारी चालताना तिन्ही फेजच्या तारा मिळून जवळपास ५.८ किलोवॉट नुसत्या तापण्यात घालवतात. पाच एचपीची मोटार स्वतः ३.७ किलोवॉटची. म्हणजे आठ जणांच्या रानात पाणी जात असताना तारा दीड मोटारीएवढी वीज वाटेतच खातात. मोटारी बारा झाल्या की तेच खाणं साडेतीन मोटारींएवढं होतं. मोटारी दीडपट आणि नासाडी सव्वादोनपट.

या हिशेबातून सुटायची वाट तारा जाड करणं ही आहेच, पण ती महागडी. दुसरी वाट दाब वाढवण्याची. तीच शक्ती ४१५ व्होल्टऐवजी ११ हजार व्होल्टनं नेली की प्रवाह सव्वीसपट कमी लागतो आणि त्याच तारेतली उष्णता सुमारे सातशेपट कमी होते. महाराष्ट्रात २०१८ पासून शेतीपंपांसाठी जी उच्चदाब वितरण प्रणाली आली, तिच्या मुळाशी हाच भागाकार आहे. ११ हजारांची लाईन शेतापर्यंत न्यायची आणि तिथं एक-दोन शेतकऱ्यांपुरती छोटी डीपी बसवायची. चंद्रपूरची वीज मुंबईजवळच्या पडघ्याला नेणारी ७५२ किलोमीटरची लाईन पाच लाख व्होल्टवर चालते, तिचंही कारण हेच. आकडे मोठे आहेत इतकंच.

शेवटच्या खांबावरच्या मोटारीचं पुढे काय होतं, ते बघायला बाजारपेठेतल्या मोटार भरायच्या दुकानात जावं लागतं. "मोटार भरणं" हा मराठवाड्यातला खास शब्द. जळालेलं वायंडिंग काढून नवं बसवणं म्हणजे भरणं. दुकान ओळखायला पाटी लागत नाही, वार्निश आणि करपलेल्या इनॅमलच्या वासावरून ते लांबूनच कळतं. पुढ्यात पाणबुडी मोटारींच्या नळकांड्या पडलेल्या, भिंतीला तारेची रिळं, आणि एका लाकडी फळीवर होल्डर, बल्ब आणि दोन लोंबत्या वायरी. हा सिरीज बोर्ड. संशयाची वस्तू बल्बच्या ओळीत जोडायची. वस्तू आतून शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, रोध असेल तर मंद पेटतो, तुटलेली असेल तर पेटतच नाही. प्रवाहाला बल्बचा रोध आड असल्यामुळे फ्यूज उडायची भीती नाही. शंभर रुपयांत तयार होणारं मोजमापाचं इतकं चोख साधन दुसरं नसेल.

मोटार उघडली की कारागीर आधी रंग बघतो. स्टेटरच्या खाचांत तीन फेजची तीन वेटोळी असतात. तिन्ही सारखीच काळवंडलेली असली की तो म्हणतो, "व्होल्टेज कमी होतं, न्हाई तर लोड जास्त." दाब कमी झाला तरी मोटारीला पाणी तेवढंच उचलायचं असतं, मग ती प्रवाह जास्त ओढते, वेटोळी तापतात आणि तारेवरचं इनॅमल वितळतं. स्टारमध्ये जोडलेल्या मोटारीत दोन वेटोळी काळी आणि तिसरं नव्यासारखं लालबुंद तांब्याचं दिसलं, तर एक फेज गेलेला असताना मोटार चालत राहिली. तिसऱ्यात प्रवाह गेलाच नाही, त्याचा सगळा भार उरलेल्या दोघांनी वाहिला. डेल्टामध्ये जोडलेली असेल तर चित्र उलटं: एकच काळं आणि दोन शाबूत. शेतकरी समोर उभा राहून सांगत असतो, "रात्री ऑटो-स्टार्टर लावून झोपलो होतो, फेज गेल्ता का काय म्हाईत न्हाई." कारागिरानं तोवर उत्तर तांब्यावर वाचलेलं असतं.

नवं वेटोळं भरून झालं की तो मल्टीमीटरनं दोन-दोन टोकांमधला रोध मोजतो. तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे यायला हवेत. आले नाहीत तर कुठेतरी वेढे कमी-जास्त पडलेत, आणि अर्ध्या दिवसाचं काम पुन्हा उसवायचं. ओहमला आठ तारांमधून जे शोधायचं होतं ते हा माणूस दिवसातून चारदा करतो. त्याला ओहम कोण होता हे ठाऊक असण्याची गरज नाही, पण त्याच्या मुलाला सांगायला हरकत काय?

एकसर आणि समांतर जोडणीचा धडा पुस्तकात चार आकृत्यांत संपतो. गावात तो डीपीवरची न्यूट्रल तुटली की एका संध्याकाळीच शिकवला जातो. एरवी प्रत्येक घर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये समांतर जोडलेलं असतं. शेजाऱ्यानं काही लावलं-काढलं तरी याचे २३० व्होल्ट याला. न्यूट्रल मुळातच तुटली की दोन वेगळ्या फेजवरची घरं एकामागोमाग एक, म्हणजे एकसर जोडली जातात आणि त्या दोघांत मिळून ४०० व्होल्ट वाटले जातात. वाटणी समान होत नाही. ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला दाब जास्त. एका घरात हजार वॉटची शेगडी चालू आहे, तिचा रोध ५३ ओहम. दुसऱ्या घरात टीव्ही आणि दोन दिवे मिळून शंभर वॉट, म्हणजे रोध ५२९ ओहमच्या घरात. शेगडीवाल्याला जेमतेम ३६ व्होल्ट मिळतात आणि टीव्हीवाल्याला ३६४. शेगडीवाला लाईट डिम झाली म्हणून कुरकुरतो. पलीकडच्या घरातून धूर येत असतो. कमी वीज वापरणाऱ्या घरालाच फटका का बसला, या प्रश्नावर पारावर बरंच काही बोललं जातं. ओहमच्या नियमाचं नाव मात्र कुणी घेत नाही.

शेगडीचा विषय निघालाच आहे तर तिच्या कॉइलबद्दल थोडं. ही तार नायक्रोमची. निकेल आणि क्रोमिअमचा हा मिश्रधातू अमेरिकेत १९०६ च्या पेटंटनं बाजारात आला आणि त्यानं घराघरांतल्या शेगड्या, इस्त्र्या शक्य केल्या, कारण लाल होऊनही तो सहजी गंजत नाही. कॉइल तुटली की घरोघरी एकच उपाय: दोन टोकं एकमेकांना पीळ देऊन पुन्हा बसवायची. पिळण्यात थोडी तार जाते, उरलेली आखूड होते आणि तिचा रोध घटतो. दहावा हिस्सा तार गेली तर हजारची शेगडी अकराशेची होते. बाई म्हणते, आता जास्त तापतीय, बरं झालं. बरं झालेलं नसतं. पिळाच्या जागी सैल, मळका सांधा तयार होतो, तिथं रोध नेमका सगळ्यांत जास्त, आणि पुढच्या वेळी कॉइल तिथंच तुटते.

फ्यूज हा याच न्यायानं मुद्दाम ठेवलेला दुबळा सांधा. फ्यूजच्या किटकॅट होल्डरमधली केसासारखी तार आधी वितळावी आणि बाकीचं फिटिंग वाचावं, एवढंच तिचं काम. तिच्या जागी विझलचा एक पदर बांधणाऱ्यांना ती "सारखी उडते" याचा राग येत असतो. उडणं हेच तिचं काम, हे त्यांच्या गळी उतरवणं अवघड आहे.

अर्थिंगवर मात्र थोडं थांबलं पाहिजे, कारण इथं जमीनच परिपथाचा भाग होते. निलंगा परिसरातली काळी माती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. ओली काळी माती विजेची चांगली वाहक आहे. तिच्यातलं पाणी, त्यात विरघळलेले क्षार आणि मातीचे बारीक कण, तिघंही प्रवाहाला हात देतात. तीच माती एप्रिल-मे महिन्यांत आक्रसते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि मधे हवा शिरते. हवा वाहक नाही. पावसाळ्यात चोख असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. म्हणून खड्ड्यात पाइपाभोवती कोळसा आणि मीठ घालायची रीत आहे, आणि उन्हाळ्यात त्यावर घागरभर पाणी ओतायचीही. मीठ कशाला, असं कुणी विचारलं तर कॅव्हेंडिशच्या नळ्यांकडे बोट दाखवावं. साध्या पाण्यापेक्षा मिठाचं पाणी प्रवाह कितीतरी सहज नेतं, हे त्यानं अंगावर झटके घेऊन ठरवलं होतं.

माणसाच्या अंगाचंही असंच. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहमचा, कधी लाखाच्या घरातला. घामानं किंवा पावसानं भिजलेल्या हाताचा हजारभर उरतो. २३० व्होल्टला हजारानं भागलं की २३० मिलिअँपिअर होतात, आणि शंभरच्या आतबाहेरही हृदयाची लय बिघडू शकते. मृगाच्या पहिल्या पावसात पत्र्याच्या घरांत जे अपघात होतात, त्यांतल्या कित्येकांची कथा एकच असते. सर्व्हिस वायर पत्र्याला घासून सोललेली, पत्र्याला बांधलेली कपडे वाळत घालायची लोखंडी तार, आणि ओले कपडे, ओले हात, ओली जमीन. वर्तुळ पुरं व्हायला लागणारं सगळं तिथं जमलेलं असतं. ३० मिलिअँपिअरची गळती होताच लाईन तोडणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं. घरात टीव्ही आणि फ्रीज आहे पण हे नाही, अशी घरं तालुक्यात भरपूर सापडतील. पुढे एक अख्खं प्रकरण त्यावर खर्च केलं आहे. वाचकानं बाकी काही वगळलं तरी ते वगळू नये.

रोधाचा आणखी एक उपयोग या भागात आहे, आणि तो पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. लातूर जिल्ह्याला पाण्याची तहान किती, हे २०१६ च्या एप्रिलमध्ये देशानं पाहिलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा. बोअर कुठं घ्यायचा हा इथं लाखाचा प्रश्न आहे. तळहातावर नारळ आडवा धरून चालणारे पाणाडे आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवणारेही आहेत. आणि चार पोलादी खुंट्या घेऊन येणारे भूवैज्ञानिकही आहेत. एका ओळीत चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोघींमधला दाब मोजायचा. दाबाला प्रवाहानं भागलं की रोध मिळतो, आणि खुंट्यांमधलं अंतर हिशेबात घेतलं की जमिनीची रोधकता. खुंट्या लांब-लांब सरकवत गेलं की प्रवाह खोल-खोल उतरतो आणि वरून न खणता खालचे थर वाचता येतात. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुम्बर्जेनं १९१२ च्या सुमारास ही पद्धत खनिजं शोधायला वापरली. मराठवाड्यात ती पाणी शोधते.

अखंड काळा पाषाण प्रवाहाला चांगलाच अडवतो. भेगाळलेला, झिजलेला आणि पाणी धरलेला खडक फारसा अडवत नाही. यंत्रावरचा आकडा मोठा येत येत मधेच पडला की भूवैज्ञानिक पेन्सिल थांबवतो. पण लगेच हरखून जात नाही. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तांबड्या चिकणमातीचा पट्टा येतो, तोही रोध कमी दाखवतो आणि पाणी मात्र देत नाही. आकडा एक आणि अर्थ दोन. इथं आसपासच्या विहिरींचा अनुभव मदतीला येतो, आणि कधी कधी काहीच येत नाही.

हा पाषाण किती खोल आहे, हे या भागाला एका भयंकर निमित्तानं कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी शेजारच्या औसा तालुक्यातलं किल्लारी हादरलं आणि हजारो माणसं माळवदाखाली गाडली गेली. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथं जमिनीखालच्या थरांची रोधकता मोजली आणि ६१७ मीटर खोल बोअरही घेतला. सुमारे ३३८ मीटरपर्यंत काळा पाषाण लागला आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक. पाणी शोधायला ठोकलेल्या खुंट्या आणि भूकंपाचं मूळ शोधायला लावलेली यंत्रं, दोघांनी विचारलेला प्रश्न एकच होता: इथून वीज किती सहज जाते?

पाणी लागलं की गोष्ट पुन्हा दुकानात येते. सहाशे-साडेसहाशे फुटांवर मोटार सोडायची तर तेवढीच लांब केबल लागते. तीन कोरची, चपटी, तांब्याची. अडीच स्क्वेअरच्या, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरच्या, केबलचा रोध किलोमीटरला सात-साडेसात ओहम, चार स्क्वेअरचा पाचच्या आत. दोनशे मीटरला आठ अँपिअरवर एकीत बारा व्होल्ट जातात, दुसरीत साडेसात-आठ. शेवटच्या खांबावर आधीच १९१ असतील तर हे चार व्होल्ट थोडे नाहीत. गिऱ्हाईक दोन्ही केबली हातात तोलतं, किमती विचारतं, स्वस्तातली बाजूला काढायला सांगतं. जाणता दुकानदार असेल तर किंमत सांगण्याआधी दोनच प्रश्न करतो. बोअर किती फूट लागला? आणि डीपी रानापासून किती लांब आहे?